शालूआत्याची निळी टू-स्ट्रोक

आत्या गेली. यंदा जयंतीच्या रॅलीत कोणी खोकणार नाही.

असं मी नाही, आमच्या पाऱ्यातले, म्हणजे मोहल्ल्यातले लोकच म्हणतात. महिनाभर फोन येतायत. आधी हुंदका, मग हसू, मग पुन्हा हुंदका.

शालूआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. रेल्वेच्या पार्सल ऑफिसातून रिटायर झाली. लग्न केलं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, "सुट्टीच नाही भेटली."

रिटायर झाल्यावर ती विहारात जाईल, सिरीयली बघेल, असं सगळ्यांना वाटलं.

तिने पोर्चच्या कोपऱ्यातली ताडपत्री ओढली. खाली आबांची, म्हणजे माझ्या आजोबांची मोटरसायकल. सीटमध्ये उंदरांचा सुखाचा संसार.

"काय करून राहिली तू हिचं?" बाबा.

"चालवीन."

"तुले येते काय?"

"येत असती तर कवाचीच चालवली असती, दादा. शिकू देलं काय तुम्ही?"

बाबा पेपर वाचायला लागले. पेपर कालचा होता.

गोष्ट साधी होती. आबांनी बाबांना गाडी शिकवली. आत्याने मागितली तेव्हा म्हणाले, "पोट्टीले कायले पाहिजे गाडी?"

दर जयंतीला घरातली पोरं त्या गाडीवर रॅलीत जायची आणि आत्या विहारात खीर ढवळायची. नोकरीला लागली, तरी खीरच.

तिला एकदा तरी ती गाडी स्वतः चालवत रॅलीत जायचं होतं. एवढंच. बाकी सगळा उपद्व्याप त्यासाठी.

पोर्चचं गॅरेज झालं आणि गॅरेजचं पार्सल ऑफिस. काढलेल्या प्रत्येक पार्टला सुतळीने चिठ्ठी. "इंजिन ते मागचे चाक. नाजूक. आपटू नये."

छोटे पार्ट स्वयंपाकघरातल्या डब्यांत. एकदा आईने फोडणीला मोहरी घातली आणि वरणात वॉशर निघालं.

आत्याने ते धुऊन घेतलं आणि वर आईलाच म्हणाली, "वहिनी, पाहून टाकत जा न. सकाळपासून शोधून राहिली मी."

मग तिने गाडी स्वतःच्या मापाची करून घेतली. सीट खाली, हँडल वर, रंग निळा. जयंतीला पांढरी साडी म्हणजे पांढरी साडी, म्हणून चेनवर पत्र्याचं कव्हर. शिवाय साडी गार्ड.

वेल्डर म्हणाला, "दीदी, साड़ी गार्ड तो पीछे वाली सवारी के लिए होता है."

"तो मेरे पीछे कोई नहीं बैठेगा क्या?"

सगळं जोडून झाल्यावर मूठभर बोल्ट उरले. मी घाबरले. आत्या शांत. "उरले म्हंजे जास्तीचे होते."

गाडी शिकवायचं काम शेजारच्या साहू भैयांनी केलं. मैदानात ती गाडीवर, ते बाजूने धावतायत. "हव दीदी... हव दीदी... ब्रेक दीदी!"

साहू भैयांचं पोट कमी झालं आणि आत्याला लायसन्स मिळालं.

आता तो दिवस. टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलमध्येच ऑइल मिसळावं लागतं, तेही मोजून; जास्त झालं की नुसता धूर. सकाळी आत्याने ते मिसळलं.

ही नक्की विसरली असणार म्हणून बाबांनी गुपचूप मिसळलं.

दोघेही विसरले असणार म्हणून साहू भैयांनी मिसळलं.

आईचं मला अजून नक्की माहीत नाही.

कोणी कोणाला विचारलं नाही. आमच्याकडे काळजी अशीच करतात, चोरून.

विहारासमोर आत्याने किक मारली आणि विहार दिसेनासा झाला.

सदर बाजारात तर दुकानदारांनी भराभर शटर ओढली. "निगम वाले मच्छर का धुआँ छोड़ रहे हैं!" डीजेवाला पोरगा तोंडाला रुमाल बांधून बसला. मागच्या लोकांच्या घोषणा अर्ध्या होत होत्या, उरलेला अर्धा खोकला.

शेवटी कमिटीचे एक भाऊ धावत आले. "ताई, तुम्ही सगळ्यात मागं चाला न."

आत्याने गाडी थांबवली. बंद मात्र केली नाही.

"काहून? आजवर मागंच होती मी."

अख्खी रॅली थांबलेली. मला वाटलं, झालं, आता हिला परत पाठवतात.

तेवढ्यात धुरातून बाबा आले. खोकत खोकत. कोणाच्या तरी हातातला निळा झेंडा घेतला आणि आत्याच्या मागे बसले.

"चाल शालू."

"घट्ट धर, दादा. पडशील."

आणि ती गेली. सगळ्यांच्या पुढे, शेवटपर्यंत. बाबांचा पांढरा शर्ट घरी आला तेव्हा ओळखू येत नव्हता. मला रस्त्यात रडू आलं, पण त्या धुरात सगळेच डोळे पुसत होते.

मागच्या महिन्यात तिच्या छातीत दुखलं आणि दवाखान्यात पोचायच्या आधीच ती गेली. मला अजून राग येतो. एकच जयंती मिळाली तिला.

आज तिचा पुण्यानुमोदनाचा विधी झाला. जेवणं आटोपल्यावर नागपूरचे काका म्हणाले, "गाडी ठेवून काय करता आता? विकून टाका."

"जयंतीले निघन ते," बाबा म्हणाले.

"चालवन कोण? तुमचे तर गुडघे गेले."

बाबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "माही पोट्टी."

मी स्कूटीवाली. म्हटलं, "बाबा, मले गिअरची नाही येत."

"मालूम आहे," बाबा म्हणाले. "शालूलेही येत नव्हती. तिनं मागितली तेव्हा मी आबाच्या बाजूनं बोललो होतो."

पाहुण्यांसमोर बोलले. मग उठून पोर्चमध्ये गेले आणि तिथूनच हाक मारली. "ये इकडं. क्लच दाबून धर."

गाडी बऱ्याचदा बंद पडली. बाबा एकदाही ओरडले नाहीत.

जयभीम, आत्या.