वानरांची बंदूक आणि दिलमाया

भाट्याचा पूल मागे पडला, राजिवडा गेला, तेव्हा कमळाकाकींनी पहिल्यांदा पाय थांबवले. चैत्रातले मंगळवार त्या भाट्याहून किल्ल्यावरच्या भगवतीपर्यंत अनवाणी जायच्या. नवस कशाचा, ते घरातही कुणाला ठाऊक नव्हतं. आज सोबतीला दिलमाया होती, आंब्याच्या बागेची राखणदारीण. मूळची नेपाळची.

"दमलीस काय गो?"

"थांबलात तुम्ही, काकी. मी कुठे?"

"मेली, तोंडावर बोलते!"

दिलमाया हसली. तिने चपला हातात घेतल्या होत्या. काकी अनवाणी असताना आपण कशा घालणार, एवढंच तिचं म्हणणं.

काकी त्या बागेत बावीस वर्षं आंबा निवडत, पेट्या भरत. दिलमायाचा हा सहावा हंगाम. नवरा मच्छीमार बोटीवर खलाशी, तो पंधरा-पंधरा दिवस घरी नसे. बागेतल्या खोपीत ती आणि पाचवीतली अस्मिता. पोरीची परीक्षा पुढच्या आठवड्यात होती.

काल बागेत वानरांचा कळप उतरला. मालकाचा मुलगा सुजय ठासणीची बंदूक घेऊन धावला. चाप ओढला, पण बार काही उडाला नाही. पठ्ठ्या काय झालं ते बघायला नळीतच डोळा घालायला निघाला. दिलमाया फणसाखाली डबा बडवत होती. डबा टाकून ती आली, नळी त्याच्या तोंडापासून बाजूला ढकलली, बंदूक काढून घेतली. बार उशिरा उडालाच तर म्हणून नळी कातळाकडे धरून ठेवली. मग घोड्याखालची ठिणगीची टोपी काढली आणि नळीत तांब्याभर पाणी ओतलं. हे सगळं न बोलता, न चाचपडता.

सुजय घामाघूम झाला होता, तरी बोलायचं ते बोललाच. "हिला येतं की! उद्यापासून बंदूक हिच्याकडे. नसेल धरायची, तर खोप रिकामी करा. दुसरं जोडपं तयार आहे." आणि काकींना म्हणाला, "तुमचं ऐकते ती. समजवा."

म्हणून आज काकींनी तिला बरोबर घेतलं होतं.

"कुठं शिकलीस?" काकींनी विचारलं.

"लढाईत." बाजारात बोंबील कुठे मिळतात ते सांगावं तशी ती बोलली. "चौदाची होते. गावात माओवादी आले, आम्ही गावच्या चार पोरी त्यांच्यासोबत गेलो. आमची बायकांचीच तुकडी होती. तीन वर्षं लढाई, मग समझौता, मग तीन वर्षं छावणीतल्या तंबूत. पहिल्याच वर्षी लढणाऱ्यांना मोजायला बाहेरच्या देशांची माणसं आली. म्हणाली, भरती झालीस तेव्हा वय कमी होतं, तू शिपाई नाहीस. तंबूतून काढताना कागद दिला. त्यावर लिहिलं होतं, अयोग्य."

"आणि तुम्ही चौघी?"

"दोघी परत आलो."

मांडवीच्या बाजूने वारा येत होता. रिक्षावाला शेजारी येऊन हळू झाला, "किल्ला काय काकी?" काकींनी नुसता हात हलवला.

"घरी गेले तर आई दारात उभी," दिलमाया म्हणाली. "आत घेईना. कडू पाल्याचं पाणी आणलं, माझे हात कोपरापर्यंत धुतले. म्हणाली, परत बंदूक धरणार नाहीस असं बोल, मग ये. मी बोलले. आई आता नाही."

"मग काल?"

"काल सुजयभाऊंचं डोकं उडालं असतं. आई तेवढं समजेल."

काकींना हसू आलं. "सुजयला सांगते तुझ्या आईचं."

"ते ऐकतील? नेपाळातल्या मेलेल्या बाईचं?"

काकी खोटं बोलत नसत. "नाय ऐकणार."

"तुम्ही सांगा, दिलमायाने भगवतीला शब्द दिलाय. देवीचं ते मोडणार नाहीत. दर वर्षी पहिली पेटी देवीला ठेवून मग गाडी भरतात, मी बघते."

"बाय, देवीच्या नावानं खोटं मी बोलायची नाय. तुझ्यासाठीसुद्धा नाय."

किल्ल्याच्या पायऱ्या लागल्या. दिलमाया चार पायऱ्या चढून गेली आणि वळून उभी राहिली.

"मग खरं करा ना, काकी. तुमच्या देवीपुढे गाऱ्हाणं घालून शब्द कसा देतात ते मला येत नाही. तुम्ही एकेक शब्द सांगा. मी मागून म्हणते."