दोरीवर वाळत घातलेलं गाव

शेजारच्या म्हाताऱ्याइतका हट्टी माणूस अख्ख्या आयर्लंडात नसेल, आणि हे मी, हट्टी माणसांच्या घरात जन्मलेली बाई, सांगतेय. २०२० साली मी तीन महिन्यांसाठी मुलाकडे तिथल्या स्वोर्ड्स गावी गेले आणि विमानं बंद झाल्याने दीड वर्ष अडकले. कुंपणापलीकडे हा रोज कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून फोटो वाळत घालायचा. तरुणपणी तो अमेरिकेतल्या एका लहान शहरात फोटोच्या दुकानात नोकरीला होता आणि ते शहर त्याने खोक्यांत भरून आणलं होतं. न्हाव्याकडची रांग, चर्चच्या जेवणात वाढणाऱ्या बायका, शाळेचा बँड. माळ्यावर सगळ्यांना ओल लागलेली. आयर्लंडात पाऊस दिवसातून दहादा. मी खिडकीतून "पाऊस" म्हणून ओरडले की तो लंगडत धावायचा. पुढे पुढे मला बघितलं की आभाळाकडे मान करून "पाऊस, मिसेस?" विचारायचा.

त्याची मुलगी त्याला आपल्या घरी नेणार होती. खोकी शनिवारी कचऱ्यात. त्या शहरातलं वाचनालय फोटो घ्यायला तयार होतं, पण मागे माणसांची नावं असलेलेच. "बिननावाची माणसं कचऱ्यात जाणार असतील तर आधी मी त्यात जाऊन बसतो," असं त्याने मुलीला फाटकावरूनच ऐकवलं. सुनेने मला मराठीत सांगितलं. बरीच नावं त्याला आठवली, चाळीसेक चेहरे राहिले.

मी सुनेला म्हटलं, "सांग त्याला, हा न्हावी म्हणजे आमच्या गावचा धोंडू. लिही म्हणावं."

"आई, खोटं कसं लिहायचं?"

"चेहरा खरा आहे ना? कोण येतंय तपासायला?"

म्हातारा खोकला येईपर्यंत हसला, "ग्रँड", म्हणजे त्यांच्याकडचं झकास, म्हणाला आणि सून सांगेल तशी अक्षरं लिहू लागला. बँडात माझे भाऊ गेले, चर्चमध्ये जावा. हात आखडून वाढणारी होती तिला सासूचं नाव दिलं.

शेवटी एक उरला, सायकलीला टेकून हसणारा. माझ्याकडेही एकच नाव उरलं होतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच. नवरा गेल्यावरही मी ते तोंडातून काढलं नव्हतं. त्या दिवशी वडिलांच्या नावासकट, आडनावासकट घेतलं. म्हाताऱ्याला नीट कळेना, म्हणून तीनदा. सून माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

म्हातारा मुलीकडे गेला आणि त्याच हिवाळ्यात वारला. खोकी वाचनालयाने घेतली. त्यांना खोटं कळलं तर कळू दे. आमचा माणूस जन्मात तालुक्यापलीकडे गेला नाही, आता अमेरिकेत सायकलीला टेकून हसतोय. नाव इथे लिहीत नाही. फोटोमागे आहे.