फिडल गिळणारे हेडफोन

नॅशव्हिलच्या व्हर्नन स्टिल्टनरच्या दुकानात गिऱ्हाइकानं हेडफोन स्वतः निवडायची सोय नव्हती. तुम्ही काय ऐकता ते तो विचारणार आणि तोच देणार. दणक्याच्या रॅपला बंद कपांचा, डोंगरी गाण्यांतल्या फिडल, म्हणजे व्हायोलिनला आणि बँजोला जाळीचा, मोकळा.

त्या दिवशी जुनी गिऱ्हाईक डार्ला डोंगरी गाण्यांसाठी हेडफोन घ्यायला आली. व्हर्ननने एक हेडफोन घालून पारखायचं नेहमीचं गाणं लावलं. त्यात डाव्या कानात बँजो, उजव्या कानात फिडल.

"ह्यो हेडफोन फिडल गिळतोय," म्हणत त्याने दुसरा घातला, मग तिसरा. "समदे भिकार!"

डार्लाने तिसरा आपल्या कानांवर चढवला. "आरं येड्या, फिडल तर खणखणीत वाजतंय की!"

व्हर्ननने तो हिसकून घेतला आणि उलटा घातला. आता डाव्या कानात फिडल लख्ख आलं आणि बँजो पार बुडाला. उजव्या कानाला सकाळपासून दडा बसला होता, पण सर्दी म्हणून त्याने सोडून दिलं होतं. त्याने त्या कानाशी चुटकी वाजवली. काही नाही.

"काय झालं रं?" डार्ला घाबरली.

"हेडफोन चांगलं हायेत, बाई. कान मेलाय माझा," व्हर्नन कसाबसा म्हणाला. "आज तुझा तूच निवड."