ताकद नको, दम वाढव

मी बजाजनगरात राहते आणि वाळूजच्या एका कंपनीत पार्ट तपासायचं काम करते. पार्ट हातात घ्यायचा, मापाचा गेज लावायचा, चांगला इकडं, खराब तिकडं. हात कामात असतात आणि डोकं मोकळं राहतं. त्या मोकळ्या डोक्यात मी एक गोष्ट रचायला लागले आणि जेवणाच्या सुट्टीत ती मोबाईलवर टाइप करून वाचनाच्या एका ॲपवर टाकायला लागले.

गोष्टीत गोदामात हमाली करणारा एक माणूस होता. एके दिवशी त्याला डोळ्यांसमोर व्हिडिओ गेममधल्यासारखे आकडे दिसू लागतात: ताकद, चपळाई, दम, बुद्धी, नशीब. राक्षस मारला की लेव्हल वाढते, लेव्हल वाढली की पाच पॉइंट मिळतात आणि ते कुठं टाकायचे हे त्याचं त्यानं ठरवायचं. अशा गोष्टी वाचणारे लोक पुष्कळ आहेत. राक्षसापेक्षा ते पॉइंटांवरच जास्त भांडतात. माझे बहुतेक वाचक म्हणायचे, सगळे पॉइंट ताकदीत टाका.

घरी आम्ही तिघंच, मी, आई आणि आप्पा. आप्पा म्हणजे माझे वडील. करमाडकडच्या मेंढपाळाच्या घरातले. लहानपण मेंढरांमागं गेलं, पुढची सगळी वर्षं वाळूजच्या कारखान्यात, पत्रा दाबायच्या प्रेसवर. रिटायर झाल्यावर त्यांच्या डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि बसून बसून ते कंटाळले. म्हणून एका संध्याकाळी मी त्यांना माझा भाग वाचून दाखवला. व्हिडिओ गेम त्यांनी आयुष्यात खेळला नव्हता.

"हे आकडे त्याला एकट्यालाच दिसत्यात?" त्यांनी विचारलं.

"व्हय."

"मंग आता पाच पॉइंट आले. कुठं टाकणार?"

"ताकदीत. पुढचा राक्षस लई मोठा आहे."

"आन् राक्षस मारल्यावर? घरी चालत जायचंय का नाय त्याला?"

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांनी मला त्यांच्या वडिलांच्या कळपातल्या एका मेंढ्याची गोष्ट सांगितली. टकरीला पंचक्रोशीत त्याच्यासमोर कुणी टिकत नव्हतं. पण मेंढरं घेऊन लांबच्या रानात निघालं की चौथ्या दिवशी तोच सगळ्यात आधी खाली बसायचा आणि मग त्याच्यासाठी सगळा कळप थांबवावा लागायचा. "ताकद नको, दम वाढव त्याचा," आप्पा म्हणाले. "दम असला तर ताकद मागून येती. उलटं होत नाय."

मी त्यांचं ऐकलं. त्या भागाखाली लोकांनी मला शिव्या घातल्या, पण वाचणं कुणी सोडलं नाही. मग तो रोजचा रिवाजच झाला. फर्स्ट शिफ्ट करून मी यायची, आई चहा ठेवायची आणि आप्पा विचारायचे, "काय मिळालं त्याला आज?" हवेतून आग काढायची विद्या त्यांना पसंत नव्हती. ती कुठून शिकला, किती दिवस शिकला, शिकताना भाजला का, हे सगळं ते विचारायचे. एकदा मी नायकाला अदृश्य व्हायची शक्ती दिली तर म्हणाले, "त्यापरीस त्याला माणूस उचलायला शिकव. सोबतीचा पडला तर कोण आणणार त्याला?" मी ते लिहिलं. जखमी मित्राला पाठीवर घेऊन नायक डोंगर उतरतो, तो भाग लोकांना सगळ्यात जास्त आवडला. आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांनी नुसती मान हलवली, जणू त्यात सांगण्यासारखं काही नव्हतं.

त्याच हिवाळ्यात त्यांच्या हातातून चहाचा कप निसटला. मग शर्टाची वरची गुंडी लागेना. मग उजव्या पायातली चप्पल चालता चालता मागं राहायला लागली आणि ते वळून ती शोधायचे. आम्हाला वाटलं, वय झालं. आई त्यांना मेथीचे लाडू करून घालत राहिली.

दवाखान्यात नसांच्या तपासण्या झाल्या. सगळे रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी मला एकटीला आत बोलावलं. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत चालल्यात, म्हणाले. का, ते सांगता येत नाही. गेलेलं परत आणणारं औषध नाही.

"व्यायाम केला तर?" मी विचारलं.

"हलका. थकेपर्यंत अजिबात नको. थकवलं तर उलट त्रास वाढेल."

बाहेर आप्पा बाकावर बसले होते. "काय म्हणला?"

"अशक्तपणा आहे नसांचा. वेळ लागेल," मी म्हणाले.

वेळ लागेल हे ऐकून त्यांना बरं वाटलं. वेळ लागणाऱ्या गोष्टींवर त्यांचा विश्वास होता. त्यांनी शेजारच्यांकडून एक रबरी चेंडू मागून आणला आणि मी कामावर गेले की तो दाबत बसायचे. आईकडून मला कळलं. आज शंभर, उद्या सव्वाशे, असं मोजून. एका रविवारी मी आंघोळ करून बाहेर आले तर ते दाराकडं पाठ करून बसले होते, बोटं मिटत नव्हती आणि ते पुटपुटत होते, एकशे साठ, एकशे एकसष्ट.

मी चेंडू काढून घेतला. डॉक्टर काय म्हणाले ते सगळं खरं सांगितलं. सांगताना मी रडत होते, त्यामुळं त्यांना काही शब्द परत विचारावे लागले.

"म्हंजे जितकं करीन तितकं कमी व्हणार?" ते म्हणाले.

"व्हय, आप्पा."

त्यांनी तो हात उचलून मांडीवर ठेवला. मग आईला म्हणाले, "च्या टाक."

त्यानंतर माझ्याच्यानं गोष्ट लिहवेना. तिकडं त्या हमालाची लेव्हल वाढवायची आणि इकडं आप्पांना घास भरवायचा, मला लाज वाटायची. एका भागात मी नायकाचे सगळे आकडे शून्य करून टाकले. शाप नाही, शत्रू नाही, कारणच नाही. सकाळी उठतो तर काही उरलेलं नाही. वाचक चिडले. संध्याकाळी मी तोच भाग आप्पांना वाचून दाखवला. तोवर त्यांची जीभ जड झाली होती, एकेक शब्द लावून बोलायचे.

"माझं... त्याच्यावर... काढू नको," ते म्हणाले.

मी त्यांच्या पाठीमागची उशी नीट केली.

"त्यानं काय केलंय? वाढू दे त्याला."

मी तो भाग काढून टाकला आणि नवा लिहिला. त्यात नायकाला दमाचे पाच पॉइंट मिळाले. वाचताना माझा आवाज कोरडा होता, पण ते लक्ष देऊन ऐकत होते.

पुढं ते उभे राहीनात. आई आणि मी मिळून त्यांना खुर्चीवरून पलंगावर घ्यायचो. एके दुपारी मधेच माझी पकड सुटली आणि ते फरशीवर बसले, भिंतीला टेकून. आम्हा दोघींना ते उचलले गेले नाहीत. मी काखेत हात घालून पाहिला, कंबरेला धरून पाहिलं. शेवटी खालच्या मजल्यावरच्या काकांना हाक मारली. काका येईपर्यंत मी आप्पांच्या शेजारी फरशीवर बसून राहिले. ते माझ्याकडं बघत नव्हते.

बोलणं पूर्ण थांबल्यावर आम्ही पापण्यांची खूण ठरवली. एकदा मिटली की हो. वाचून झालं की मी विचारायची, "ताकद? चपळाई? दम?" आणि दमाला ते पापणी मिटायचे. दर वेळी दमच. मीही दर वेळी तिथंच पॉइंट टाकायची.

शेवटच्या आठवड्यात मी तशीच एकेक नावं घेतली आणि पापणी मिटली नाही. ताकद म्हटलं, नाही. चपळाई, नाही. दम म्हटलं, दोनदा म्हटलं, नाही. बुद्धी. नशीब. डोळे उघडे होते, माझ्यावरच होते. परत पहिल्यापासून म्हणून पाहिलं. ते दमले होते, की त्यांना या पाचांत नसलेलं काही सांगायचं होतं, की मला आता थांब म्हणत होते, मला कळलं नाही. आईला विचारलं तर ती म्हणाली, "मला काय इचारतीस, माय." तिनं त्यांच्या ओठांना ओलं फडकं लावलं. मी मोबाईल बंद करून ठेवला.

त्यानंतर चौथ्या दिवशी, सकाळी, मी पहिल्या शिफ्टला असताना ते गेले. सुपरवायझरनं मला लाइनवरून बोलावलं तेव्हा माझ्या हातात पार्ट होता. तो मी तपासून चांगल्यात ठेवला आणि मग गेले.

दहावा झाल्यावर मी कामावर परत गेले. गोष्टीचा पुढचा भाग मागायला वाचकांचे मेसेज आले होते. मी लिहायला बसले. त्या पाच पॉइंटांपाशी येऊन तासभर तशीच राहिले आणि शेवटी प्रत्येकात एकेक टाकला. एकानं खाली लिहिलं, असा नायक कशातच धड होत नाही. मी ते दोनदा वाचलं. आई म्हणाली, जेवून घे.