आप्पाचा गोटी सोडा

सोडा प्यालेला माणूस लगेच उठत नाही. ढेकर यायची वाट बघत बसतो, अन् ती येईस्तोवर काहीतरी बोलतो. मानवतला आमच्या कारखान्याबाहेर एक बाकडं होतं, त्याच्यावर असं बोलणं वर्षानुवर्षं साचत गेलं. निम्मं मी विसरलो. उरलेल्यातलं थोडं सांगतो. सावकाश ऐका, मला घाईत सांगता येत नाही.

कारखाना म्हणजे पत्र्याची एक खोली. मालक शिवाप्पा, त्यांना सगळे आप्पाच म्हणायचे. मशीन सांभाळायला रहीमचाचा, बाटल्या धुवायला तुळसाबाई, अन् मशीनचं चाक फिरवायला मी. गळ्यात काचेची गोटी असलेली बाटली आम्ही भरायचो. आत गॅस भरला की गोटी वर येऊन तोंड बंद करते, अन् अंगठ्यानं दाबली की फट् करून खाली जाते.

आप्पाच्या वडिलांची धान्याची आडत होती. एकुलत्या एका पोरानं आडत सोडून पाण्यात गॅस भरत बसावं, हे त्यांना पटलं नव्हतं. दरसाली होळी झाली की ते यायचे, मशीनकडं बघायचे अन् म्हणायचे, "औंदाचा उन्हाळा बघू. न्हाई जमलं तर मशीन भंगारात, अन् तू आडतीवर."

आप्पा मान हलवायचे. आम्ही तिघं चाक, गॅस अन् बाटल्या बघायचो.

*

मशीन नांदेडहून आणलं होतं, जुनंच. पहिल्या दिवशी नारळ फोडला, वडिलांना खुर्ची टाकली. मी चाक फिरवलं, रहीमचाचानं गॅस सोडला, अन् पहिली बाटली मशीनच्या तारेच्या जाळीतच फुटली. दुसरी पण फुटली. तिसरीला वडिलांनी उपरण्याचं टोक कानात घातलं अन् म्हणाले, "चाचा, तुमी सोडा भरायलाव का आमाला मारायलाव?"

"हौ साब, थोडा गॅस जादा हुआ," चाचा म्हणाला.

पुढची बाटली टिकली. आप्पानं ती वडिलांच्या हातात दिली. त्यांनी सगळी संपवली, डोळे मिटले, अन् अशी ढेकर दिली की बाहेरचं कुत्रं उठून बसलं. आता शाबासकी मिळणार म्हणून आम्ही उभे.

वडील म्हणाले, "आडतीच्या आसपास इकू नको. गिऱ्हाईक दचकतील."

*

सुरुवातीला लोक सोड्याला औषध समजायचे. बाकड्यावर टेकलेल्या माणसाला आप्पा विचारायचे, "देऊ का एक?" तो म्हणायचा, "पोट दुखत न्हाई माझं." एवढं निरोगी गाव आम्हाला परवडणारं नव्हतं.

मग आप्पानं डोकं चालवलं. कापसाचा हंगाम होता अन् मापाला आलेल्या बैलगाड्यांची रांग पार वेशीपर्यंत लागली होती. माणसं गाडीखाली, सावलीला पडून. आम्ही हातगाड्यावर बाटल्या घेतल्या, वर ओलं पोतं टाकलं, अन् रांगेच्या कडेनं निघालो.

एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं पहिली बाटली मागितली. त्याच्या बैलांच्या कानाशीच आप्पानं गोटी दाबली. फट् झालं, अन् बैल जे उधळले ते गाडीसकट रांग सोडून पळाले. म्हातारा मागं, आम्ही त्याच्या मागं. आता हा आपल्याला चाबकानं फोडणार, असं मला वाटलं.

बैल थांबले ते थेट काट्यापाशी. वजन करणाऱ्यानं वर न बघताच गाडी पुढं घेतली, अन् मागचे ओरडेस्तोवर माप सुरू झालं.

म्हातारा धापा टाकत आला. त्यानं गाडी बघितली, काटा बघितला, मग आप्पाच्या हातातली बाटली घेऊन पिऊन संपवली. जाताना मागच्या गाडीवाल्याला सांगून गेला, "सोडा घे, पर बैलाजवळ उभं ऱ्हाऊन."

त्या हंगामात कुणी पोटदुखीचं नाव काढलं नाही.

*

एकाचं चाललेलं दिसलं की दुसऱ्याला हुरूप येतो. रहीमचाचाच्या जावयानं जिंतूरला मशीन बसवलं. पालमला एकानं सोड्यात आलं घातलं. पुढं कुणी जिरं घातलं, कुणी लिंबाबरोबर काळं मीठ. एस.टी.तून उतरलेला माणूस एक बाटली पिऊन सांगायचा, आपण कुठल्या गावात आलो ते.

आम्हाला वाटायचं आप्पा चिडतील. ते उलट जावयाला रबरी वायसर पाठवायचे. म्हणायचे, "लोकांना चटक लागू द्या. मग ती गावोगाव लागंल."

पण कुणाचा सोडा चांगला, ह्यावर बाकड्यावर रोज भांडण. एकदा आप्पाच्या आईला पंच केलं. तिला न दाखवता दोन पेल्यांत ओतलं, एक आमचा, एक जिंतूरचा. बाईनं दोन्ही चाखले, जिंतूरचा पेला रिकामा केला अन् म्हणाली, "ह्यो आपला."

चाचाच हळूच म्हणाला, "अम्मा, वो तो हमारे दामाद का है."

"मग?" आई म्हणाली. "जावयाचं काय परकं असतंय?"

चाचा आठवडाभर छाती फुगवून चालत होता. आमच्या सोड्यात मात्र दुसऱ्या दिवशीपासून जिंतूरसारखं लिंबू वाढलं.

*

नंतर मोठ्या कंपनीचा एजंट आला. इस्त्रीचे कपडे, काळा चष्मा. त्यानं बसस्टँडच्या हॉटेलवाल्यांना बर्फाच्या पेट्या फुकट दिल्या. अट एकच, शेजारी दुसऱ्या कुणाची बाटली दिसायला नको. एकेका हॉटेलातून आमच्या बाटल्या परत आल्या, पालमच्या अन् जिंतूरच्या पण. वडील होळीची वाट न बघताच येऊन गेले. ह्यावेळी त्यांनी भंगारवाल्याचं नावसुद्धा सांगितलं.

एका दुपारी तो एजंट आमच्याच बाकड्यावर येऊन बसला. बर्फ संपला होता, त्याचा माल पेटीत चहासारखा तापला होता, अन् मोटरसायकल पंक्चर.

"एक द्या," तो म्हणाला.

आप्पानं बाटली फोडून दिली. आता गोटीची बाटली प्यायची एक रीत आहे. गळ्याला दोन खळगे असतात, ती बाजू खाली धरली की गोटी तिथं अडकून बसते. हे आमच्याकडं लेकरालाही माहीत. साहेबानं धरली उलटी. तिरपी केली की गोटी घरंगळत तोंडाशी यायची अन् सोडा बंद. त्यानं चोखलं, हलवलं, बुडावर थापटलं. बाकड्यावरचे लोक लय आदरानं बघत होते.

शेवटी चाचानं उठून बाटली त्याच्या हातातच फिरवली. "साब, जिसका पीना है, उसकी थोडी सुनना भी पडता."

साहेब प्याला. हॉटेलांतल्या पेट्या मात्र त्यानं परत नेल्या नाहीत.

*

हॉटेलं गेली, आता उरली एक जत्रा. पालमकडच्या एका गावात ती भरायची, अन् सोड्याचा गाडा कुणाचा लावायचा ते गावचे पाटील ठरवायचे. वडिलांनी आप्पाला सरळ सांगितलं, जत्रेतून भरल्या बाटल्या परत आल्या तर मशीन त्याच आठवड्यात उचलायचं.

दिवस विद्यापीठाच्या नामांतराचे. त्या गावातल्या खालच्या वस्तीतल्या पोरांनी हॉटेलातल्या वेगळ्या कपातून चहा प्यायचं सोडलं होतं. पाटील आप्पाला म्हणाले, "गाडा तुमचाच. पर आमच्या बाटल्या अलग ठिवा. त्याच्यावर खूण करा."

आप्पानं कारखान्यात येऊन आम्हाला हे सांगितलं. तुळसाबाई त्याच वस्तीची सून, पोटापायी मानवतला आलेली. हौदात हात घालून बाटल्या धूत होती. तिनं सगळं ऐकलं अन् मान वर न करता म्हणाली, "आप्पा, इतकी सालं समद्या बाटल्या मीच धुवायले. पाटील कोणाच्या हातचं पेतेत, ते इचारलं का त्यायला?"

आप्पानं निरोप पाठवला. "खूण आमच्या हातानं व्हायची न्हाई. लागत असंल तर तुमचा माणूस करंल."

पाटलांचा माणूस जत्रेच्या सकाळी गाड्यापाशी आला. घरातून गेरू कालवून आणला होता. निवडून निवडून त्यानं बाटल्यांच्या गळ्याला लाल पट्टे ओढले. लय मन लावून केलं. मग आम्ही रोजच्यासारख्या सगळ्या बाटल्या गार व्हायला गाड्याशेजारच्या पाण्याच्या हौदात सोडल्या.

दुपारी कुस्त्या सुटल्या. पाटील धुळीनं माखलेले, घसा कोरडा, तसेच गाड्यापाशी आले. मागं सगळं गाव, अन् थोड्या अंतरावर वस्तीतली पोरं हाताची घडी घालून. आप्पाचे वडीलही येऊन उभे राहिले. पाटील माघारी फिरले असते तर कुणी पुढं आलं नसतं.

पाटलांनी हौदात बघितलं. पाणी तेवढं लाल होतं. बाटल्या सगळ्या सारख्या.

"ह्यातली आमची कुठली?"

तुळसाबाई हौदाशीच बसली होती. हाताला लागली ती बाटली तिनं काढली, पदरानं पुसली अन् पुढं केली.

"पाटील," ती म्हणाली, "गोटीला इचारा."

पाटलांनी एकदा पोरांकडं बघितलं, एकदा बाटलीकडं. मग ती घेतली, अंगठा लावला. फट्.

सगळी संपवूनच त्यांनी बाटली खाली केली अन् तिच्याच हातात दिली. "अजून एक द्या बाई," म्हणाले. "कुठली बी."

मग मागून झुंबड उडाली, गावाची अन् वस्तीची. तुळसाबाईचे दोन हात पुरेनात. आप्पाचे वडील पुढं आले, धोतर खोचून तिच्या शेजारी बसले अन् बाटल्या काढून द्यायला लागले. हौदाच्या तळाशी शेवटची बाटली उरली तेव्हा त्यांच्या पांढऱ्या बाह्या कोपरापर्यंत लाल झाल्या होत्या.