आंब्योर्नची दक्षिण बाजू

आंब्योर्न होकानसनला गावी, स्वीडनमधल्या स्मोलंडमध्ये, जमीन होती ती किती? तिच्यात धान्यापेक्षा दगडच जास्त उगवायचे. पण ती स्वतःच्या नावावर होती, एवढ्यावर गडी फुगलेला. दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी बांधून राबणारे आम्ही त्याच्या खिजगणतीतही नव्हतो. लागोपाठ पिकं बुडाली आणि आम्ही सगळेच एका जहाजाने अमेरिकेला निघालो, तर या शहाण्याने गावच्या चर्चमधल्या आपल्या राखीव, दार-कुलूपवाल्या बाकाची किल्ली बरोबर घेतली. सात आठवडे आमच्याइतकाच ओकला, आणि मिनेसोटाच्या माळावर पोचल्यावर पुन्हा मालक झाला.

पहिल्याच वर्षी, बर्फ पडायच्या आधी, त्याची मोलकरीण बूएल हिची चार वर्षांची पोर तापाने गेली. गावी रीत अशी की जमीनवाल्यांना चर्चच्या दक्षिणेला पुरायचं, उन्हात; मोलकरणी आणि भिकारी उत्तरेला, सावलीत. इथे तर चर्चच नव्हतं. माळावर पुढे चर्च बांधायच्या जागेच्या चार खुंट्या तेवढ्या होत्या, त्याही यानेच ठोकलेल्या. तरी हा हात दाखवून म्हणाला, "उत्तरेला घ्या."

"मालक, सावली पाडायला भिंत तरी कुठंय?" बूएलने विचारलं.

"आज ना उद्या उभी राहीलच की! मग काय उकरून हलवायची?"

आम्ही सहा बापये फावडी घेऊन उभे होतो. एकानेही तोंड उघडलं नाही. मीही नाही, आणि त्याची लाज मला आजही वाटते.

स्टावासारखी बायको या माणसाच्या वाट्याला कशी आली, देव जाणे. बूएलच्या पोरीच्या उशाशी रात्रंदिवस तीच बसली होती. तीन आठवड्यांत त्याच तापाने तीही आडवी झाली. शेवटी आमच्या सगळ्यांसमोर नवऱ्याचा हात धरून म्हणाली, "मला त्या लेकराजवळ ठेवा हो. एकटीला भीती वाटते तिला."

"तापात बरळतेय," आंब्योर्न म्हणाला. आणि त्याने तिला खुंट्यांच्या दक्षिणेला पुरलं, एकटीला.

बर्फ वितळल्यावर चर्चचं नक्की करायला आम्ही माळावर जमलो. आपण बोललो की ठरलंच, अशा तोऱ्यात आंब्योर्न उभा होता. गावी ज्याची जमीन मोठी त्याचं मत मोठं. इथे माणशी एक हात. मी पुढे झालो आणि म्हणालो, "या खुंट्या उपटू या. चर्च तिकडे, स्टावाबाईंच्या थडग्याच्याही पलीकडे, दक्षिणेला बांधू." माझा हात वर गेला. मग एकेक करत बाकीच्या पाच जणांचाही गेला.

त्या मठ्ठाच्या डोक्यात शिरायला जरा वेळच लागला. मग तो किंचाळला, "अरे हरामखोरांनो, माझी बायको उत्तरेला येईल की! सावलीत! एकटी!"

बूएल आमच्यासाठी कॉफी घेऊन आली होती. तिने किटली खाली ठेवली. त्याला नुसत्या नावाने हाक मारलेली मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली.

"एकटी कशी, आंब्योर्न? माझी पोर आहे ना तिथं. तूच तर ठेवलीस."