अप्पांच्या विमानाचा डावा पंख

गिरिजाबाई बिराजदार यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोऱ्या, लातूरच्या आमच्या महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र प्रयोगशाळेत. मे महिना होता. धर्माबादहून रुजू व्हायला आलेली मी घामाघूम होते. आत शिरताच पंख्याचं बटण दाबलं. "पंखा बंद करा, वजन चालू आहे," त्या मागे न वळता म्हणाल्या. वजन संपल्यावर मात्र स्वतः माठातलं पाणी आणून दिलं. तेव्हापासून त्या माझ्या मॅडम. त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथात त्यांच्या अध्यापनाविषयी इतर सहकारी लिहितीलच. मला लिहायचं आहे ते एका विमानाविषयी.

मॅडमचे यजमान शिवलिंगअप्पा साखर कारखान्यात इंजिनिअर होते. निवृत्तीनंतर त्यांनी औसा रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये दोन माणसांचं छोटं विमान स्वतःच्या हातांनी बांधायला घेतलं. त्याचे पंख फोमचे. त्यावर काचेच्या धाग्यांचं कापड अंथरून ते इपॉक्सीने भिजवायचं. वाळलं की पंख कडक होतो. इपॉक्सी म्हणजे राळ आणि तिला कडक करणारं हार्डनर या दोन द्रवांचं मिश्रण. कापणं-घासणं अप्पांकडे आणि मिश्रण मॅडमकडे, अशी वाटणी सुरुवातीलाच ठरली होती.

मिश्रण चालू असताना शेडमध्ये कोणी बोलत नसे. पंखा बंद, काटा सपाट फरशीवर. आधी राळ, मग हार्डनर, तेही शेवटी थेंबाथेंबाने. नंतर लाकडी पट्टीने कपाच्या कडा आणि बूड खरवडत ढवळायचं, कारण कडेची राळ नीट मिसळली नाही तर तेवढी जागा वाळत नाही. प्रत्येक घाण्यातलं थोडं मिश्रण मॅडम कपातच ठेवत आणि दुसऱ्या दिवशी ते कडक झालं का, हे नखाने दाबून पाहत.

माणसांशीही त्या अशाच सरळ वागल्या. माझे वडील नांदेडला दवाखान्यात होते तेव्हा सगळे मला "होतील बरे" म्हणत होते. मॅडम बसने माझ्यासोबत आल्या, डॉक्टरांना भेटल्या आणि व्हरांड्यात मला म्हणाल्या, "भावाला बोलवून घ्या. उद्या नको, आजच." भाऊ आला. वडील त्याच्याशी बोलू शकले. तो त्यांचा शेवटचा शुद्धीतला दिवस ठरला.

अप्पांना कर्करोग असल्याचं कळलं तेव्हा उजवा पंख पूर्ण झाला होता, डावा अर्धा होता. फार वेळ नाही, हे अप्पांना मॅडमनीच सांगितलं. त्यावर अप्पा म्हणाले, दोन्ही पंख लावून विमान शेडबाहेर उभं पाहिलं की झालं.

थंडीचे दिवस होते. मॅडम औषधांसाठी सोलापूरला गेल्या असताना अप्पांनी एकट्याने घाणा करून डाव्या पंखावर लावला. दुसऱ्या दिवशी मॅडम परतल्या तेव्हा मी तिथेच होते. त्यांनी कप उचलून दाबला. नख आत रुतलं.

"हार्डनर जास्त घातलं?"

"हाव. गारठा हाय. लवकर सुकल म्हणून जरासं वाढवलं."

"जास्तीचं हार्डनर तसंच आत राहतं. पंख मऊ पडतो. तुम्हाला माहीत आहे हे."

"माहीत हाय," अप्पा म्हणाले. "पण माझ्याजवळ वेळच न्हाई, गिरिजा."

मॅडमनी आठवडाभर पंखाला ऊब देऊन पाहिलं. उपयोग झाला नाही. नातेवाईक म्हणाले, राहू द्या, कोण उडवणार आहे ते? मॅडम एवढंच म्हणाल्या, "बाहेर उभं राहिलं की पुतण्या त्यात बसेल. हेच त्याला बस म्हणतील." त्यांचा पुतण्या वैमानिकाचं शिक्षण घेत होता.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी करवत घेतली. पंखाचं दुसरं टोक मी धरलं होतं. अप्पा शेडच्या दाराशी बाजेवर पडून होते. पहिला तुकडा खाली पडला तेव्हा त्यांनी कूस बदलली.

नंतर बरेच दिवस ते मॅडमशी बोलले नाहीत. त्या त्यांना भरवत, अंग पुसत, आणि दुपारी शेडमध्ये नवा पंख करत. बाईचं काळीज दगडाचं आहे, असं माझ्यासमोरच बोललं गेलं.  एकदा मॅडम मला म्हणाल्या, "चिडले असते तरी चाललं असतं. हे गप्प राहणं सोसत नाही."

मग एका सकाळी अप्पांनी स्वतःहून विचारलं, "कालचा कप कुठं हाय?" मॅडमनी तो त्यांच्या हातात दिला. त्यांनी अंगठ्याचं नख टेकवलं. दाबायला बळ नव्हतं, म्हणून मॅडमनी त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवून दाबलं. "कडक हाय," अप्पा म्हणाले. "लई झाक."

पंख पूर्ण व्हायच्या आतच अप्पा गेले. विमान उभं असलेलं त्यांना पाहायला मिळालं नाही.

पुढे मॅडमनी ते पूर्ण केलं. परवानगीचे सोपस्कार पुतण्या करतो आहे. विमान पहिल्यांदा बाहेर काढलं त्या दिवशी मॅडम पंखाला हात न लावता बाजूला उभ्या होत्या. मी विचारलं, "तेव्हा कापलं ते बरोबरच होतं ना?"

"बरोबर होतं," त्या म्हणाल्या. "पण त्याने दुखायचं कमी होत नाही."

मॅडमना शंभर वर्षांचं निरोगी आयुष्य लाभावं, हात असेच स्थिर राहावेत आणि झोप शांत लागावी, एवढंच मागते. संध्याकाळच्या चहाला त्या एकट्या असणार नाहीत, एवढं मात्र माझ्या हातात आहे.